तिला झालंय तरी काय?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यातली आमची भिशी माझ्याकडे होती. भिशी म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नकोच. चिठ्ठी निघते, इडली-चटणी होते, सुनांचा (आणि सासवांचाही) उद्धार होतो, आणि सात वाजले की घरचा कुकर आठवून एकेक जण उठते. यावेळी मात्र साडेआठ झाले तरी कुणी उठेना. माझ्या दिवाणखान्यात आठ बायका तावातावानं भांडत होत्या. बरं, भांडण कुणाच्या सुनेवरून असतं तर समजले असते. हे चाललं होतं लॉस एंजेलिसकडच्या एका गोऱ्या बाईवरून, आणि तीसुद्धा सिनेमातली!

झालं असं की माझी भाची पुण्याला सिनेमाचा अभ्यास करते, ती चार दिवस राहायला आलेली. "मावशी, तुमच्या भिशीला मी एक सिनेमा दाखवू का?" म्हणाली.

"गाणी आहेत?"

"नाहीत."

"मारामारी?"

"छे."

"मग आहे तरी काय त्यात?"

"एक गृहिणी आहे. ती आजारी पडते."

मी म्हटलं, ते तर आम्ही रोज घरीच बघतो. पण पोरगी ऐकते थोडीच! तिनं टीव्हीला आपला लॅपटॉप जोडला, खाली इंग्रजी अक्षरं लावली आणि अडेल तिथं अर्थ सांगायला स्वतः पुढ्यात बसली.

सिनेमाचं नाव 'सेफ', म्हणजे सुरक्षित. टॉड हेन्स नावाच्या दिग्दर्शकानं लिहिलेला आणि केलेला, १९९५ सालचा. हॉलिवूडच्या बड्या कंपन्यांचा पैसा यात नाही. सुमारे दहा लाख डॉलरांत केला म्हणे, आणि तिकडच्या हिशेबानं ही रक्कम म्हणजे चहापाण्याचा खर्च. त्या वर्षीच्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला. थिएटरांत फारसा चालला नाही. पण पुढं दशक संपताना न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकानं समीक्षकांची मतं मागवली, तेव्हा १९९० ते १९९९ या दहा वर्षांतला सर्वांत चांगला चित्रपट म्हणून त्यांनी हाच निवडला. नायिकेचं काम ज्युलियान मूर या नटीचं. पुढं २०१५ साली हिला ऑस्कर मिळालं. त्यावेळी मात्र तिचं नाव एवढं झालेलं नव्हतं.

आता गोष्ट सांगते. काळ १९८७चा. जागा सॅन फर्नांडो व्हॅली, म्हणजे लॉस एंजेलिसचं उपनगर. उपनगर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं डोंबिवली नाहीतर बोरिवली येते. गर्दी, लोकल, भाजीवाल्यांच्या हातगाड्या. ते सगळं डोक्यातून काढून टाका. इथं डोंगरउतारावर एकसारखे ऐसपैस बंगले, पुढं कापलेली हिरवळ, आणि रस्त्यावर चालणारं चिटपाखरू नाही. दूध आणायचं तरी मोटार काढावी लागते. शेजारीण खिडकीतून हाक मारत नाही, कारण ती हाकेच्या अंतरावर राहतच नाही. दिग्दर्शकाचं स्वतःचं लहानपण याच भागात गेलं आहे, त्यामुळं त्याला ही शांतता आतून ठाऊक असणार.

अशा घरात कॅरल व्हाइट राहते. नवरा चांगला कमावता. त्याच्या पहिल्या बायकोचा एक मुलगा. घरकामाला फुल्विया नावाची बाई. कॅरलचा दिवस कसा जातो? बागेत गुलाब बघायचे, व्यायामाच्या वर्गाला जायचं, ड्रायक्लीनरकडे कपडे टाकायचे, मैत्रिणीकडे जायचं, दूध प्यायचं. (दुधाचं तिला भारी वेड!) व्यायामानंतर मैत्रिणी तिला कौतुकानं म्हणतात, अगं, तुला घामसुद्धा येत नाही! बाईंच्या आयुष्यातलं त्या आठवड्यातलं सर्वांत मोठं संकट म्हणजे नवा सोफा निळसर हिरवा मागवला होता आणि दुकानवाल्यानं काळा आणून टाकला.

इथं आमच्यात पहिलं हसू फुटलं. पण मला सांगा, भिंतीच्या रंगावरून किंवा पडद्याच्या कापडावरून तुमचा एखादा अख्खा आठवडा गेला नाही का? माझा गेला आहे.

मग हळूहळू तिचं बिघडायला लागतं. रस्त्यात ट्रकचा धूर नाकातोंडात जातो आणि खोकल्याची अशी उबळ येते की गाडी कशीबशी आत घेऊन थांबवावी लागते. पार्लरमध्ये केस कुरळे करून घेते आणि आरशात बघता बघता नाकातून रक्त. नवरा सकाळी फवारे मारून तयार होतो, तिला जवळ घेतो, आणि तिला भडभडून उलटी होते. मैत्रिणीच्या डोहाळजेवणात (त्यांच्याकडेही तसंच काहीसं असतं) मांडीवर एक छोटी मुलगी बसलेली असताना हिचा श्वास अडकतो. शेवटी ड्रायक्लीनरच्या दुकानात कीटकनाशकाची फवारणी चालू असते, तिथं ती कोसळते.

डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे. मग दूध बंद करा म्हणतात. मग मानसोपचारतज्ज्ञाकडे जा म्हणतात. तो भल्यामोठ्या टेबलापलीकडून तिला विचारतो, मनात काय चाललंय? तिला काहीच सांगता येत नाही. नवरा वाईट नाही हो, पण एका रात्री त्याचाही तोल सुटतो. वर्षातली रोजची रात्र कुणाचं डोकं दुखतं का, म्हणून ओरडतो आणि मग लगेच वरमतो. हा प्रसंग चालू असताना आमच्या दिवाणखान्यात सुई पडली तरी ऐकू आली असती.

व्यायामशाळेच्या फलकावर तिला एक कागद दिसतो. धुराचा, वासांचा त्रास होतो का, अशा अर्थाचा. तिथून कळतं की रसायनांच्या वासानं आजारी पडणारी आणखीही माणसं आहेत. ती घरदार सोडून न्यू मेक्सिकोतल्या वाळवंटातल्या एका आश्रमवजा ठिकाणी जाते. तिथं साधे कपडे, मौन धरून जेवण, आणि पीटर नावाचा गोड बोलणारा गुरू. गुरूला स्वतःला एड्स आहे. तो सांगतो की आपल्या आजाराला आपणच कारण. मी तर वर्तमानपत्र वाचणंही सोडलं. तिथल्या एका बाईचा नवरा आजारात जातो. तिला जगाचा संताप आलेला असतो. तिचा तो संतापसुद्धा गुरू गोडीगुलाबीनं तिच्याच पदरात घालतो. (आणि हो, टेकडीवर गुरूचा बंगला मोठा दिसतो. आमच्या बायकांच्या नजरेतून ते सुटलं नाही!)

शेवटाकडे कॅरल आणखी खंगलेली, कपाळावर लाल डाग. ती एका चिनीमातीच्या अस्तराच्या, घुमटासारख्या बंद खोलीत राहायला जाते. तिथल्या आरशात बघून स्वतःलाच म्हणते, माझं तुझ्यावर प्रेम आहे. झालं. सिनेमा संपला.

दिवे लागले, आणि मग खरी सुरुवात झाली.

आमच्यात सर्वांत ज्येष्ठ म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. आम्ही त्यांना 'बाई'च म्हणतो. बाईंनी चष्मा पुसला आणि निकाल दिला, "काम नाही हो तिला. घरात मोलकरीण, बागेत माळी, पोरगं सवतीचं आणि तेही मोठं. रिकामं डोकं. चार मुलं शिकवायला दिली असती, तर आठ दिवसांत ठणठणीत झाली असती."

बँकेत काम करणारी आमच्यातली तरुण मुलगी म्हणाली की तिला मधे दोनदा झोप लागली. काही घडतच नाही, कॅमेरा इतका लांब की नायिकेचा चेहरा धड दिसत नाही, एवढ्या मोठ्या घरात ती शोधावी लागते. हा आक्षेप खोटा नाही. मीही अर्ध्यावर घड्याळ बघितलं. भाचीचं म्हणणं असं की तो लांबचा कॅमेराच तर गोष्ट सांगतो. त्या घरात सोफा नीट दिसतो, पडदे दिसतात, बाई दिसत नाही. बँकवाली म्हणाली, "हे कळायला मला दोन तास कशाला लावले?" यावर भाची गप्प बसली. मला दोघींचंही पटलं.

कोपऱ्यावर पार्लर चालवणारी आमची मैत्रीण मात्र बाईंवर उसळलीच. "तुम्ही पर्मचं औषध जवळून हुंगलंय का कधी? मी तेवीस वर्षं हुंगतेय. पहिल्या दोन वर्षांत माझ्या हाताची कातडी सोलून निघत होती. थंडीत दारं बंद केली की संध्याकाळी छाती भरते. ही बाई नाटक करत नाहीये. आणि मला सांगा, तिच्या घरात फरशी कोण पुसतं? ती फुल्विया! ती तर सगळ्या औषधांत दिवसभर हात घालते. तिला काय होतं, ते कुणी विचारलं?"

खरं सांगते, फुल्वियाकडे माझं लक्षच नव्हतं. (माझ्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना मी दुसऱ्या दिवशी विचारलं, संडास धुण्याच्या ॲसिडचा त्रास होतो का म्हणून. त्या म्हणाल्या, डोळे चुरचुरतात, पण सवय झाली. आता खिडकी उघडी ठेवायची आणि ॲसिड नि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीच वापरायची नाही, असं आमचं ठरलं. त्या दोन्ही एकत्र झाल्या की क्लोरिनचा विषारी वायू सुटतो. तुम्हीही लक्षात ठेवा.)

मग डॉक्टरी बाजू निघाली. असा आजार खरंच असतो का? भाचीनं थोडं वाचलं होतं, मीही नंतर माझ्या परीनं वाचलं. वासांनी, रसायनांनी, रंगानं, नव्या गालिच्यानं आजारी पडतो असं सांगणारी माणसं जगभर आहेत. १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीनं या आजाराला जे नाव सुचवलं, त्याचा मराठीत अर्थ होईल 'कारण न सापडलेली, परिसर न सोसण्याची व्याधी'. म्हणजे नावातच कबुली. प्रयोग असे झाले आहेत की रुग्णाला न सांगता कधी रसायन हुंगवलं, कधी नुसती स्वच्छ हवा. बहुतेक चांगल्या प्रयोगांत रुग्णांना दोन्हींतला फरक ओळखता आला नाही. स्वच्छ हवेनंही त्रास झालाच.

"बघा!" बाई म्हणाल्या.

"पण त्रास झालाच ना?" पार्लरवाली म्हणाली.

इथं वाद थांबायला हवा होता. पण आमच्या समोरच्या वाड्यातल्या वहिनी अजून बोललेल्या नव्हत्या. त्या दरवर्षी दहा दिवसांच्या ध्यानाच्या शिबिराला जातात. त्यांना सिनेमाचा शेवट फार आवडला होता! त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळ्या त्या गुरूला का हसताय? एवढ्या सिनेमात तिचं ऐकून घेणारं ते एकच ठिकाण. आणि आरशात बघून ती म्हणते ना, मला तू आवडतेस? आपण म्हटलंय का असं कधी स्वतःला? मी तर शिबिरात पहिल्यांदा रडले तेव्हा पंधरा वर्षांचं साठलेलं बाहेर आलं."

यावर कुणाला हसता येईना. सिनेमा पाहून तो आश्रम बरा वाटलेले प्रेक्षक अमेरिकेतही निघाले आहेत, वहिनी काही एकट्या नाहीत. दिग्दर्शक ठामपणे सांगत नाही की हा गुरू भोंदू आहे. तो नुसतं दाखवतो. गुरू बोलतो छान, बाया-माणसं गाणी म्हणतात, वाढदिवसाला केक येतो. कॅरलला दोन शब्द बोलायला सांगतात, तेव्हा ती जे अडखळत, गुरूचेच शब्द उलटसुलट करून बोलते ते ऐकवत नाही. तरी टाळ्या पडतात.

माझं मत वहिनींच्या विरुद्ध आहे आणि ते मी तेव्हाही सांगितलं. ऐकून घेणं निराळं आणि ऐकून झाल्यावर 'हे तूच ओढवून घेतलंस' असं सांगणं निराळं. यामागचा इतिहासही भाचीनं सांगितला. १९८० नंतर अमेरिकेत एड्सनं तरुण माणसं भराभर जात होती, औषध नव्हतं, सरकार थंड होतं. अशा वेळी लुईझ हे नावाच्या बाईंचं 'यू कॅन हील युअर लाइफ' हे पुस्तक १९८४ मध्ये आलं. स्वतःवर प्रेम करा, मन बदला, शरीर बरं होईल, असा त्याचा सूर. लॉस एंजेलिसमध्ये त्यांच्या सभांना एड्सचे रुग्ण गर्दी करत. टॉड हेन्स त्या काळात एड्सच्या चळवळीत होता. मरणाच्या दारातली माणसं हा विचार एवढी का कवटाळतात, या प्रश्नातून आपला सिनेमा निघाला, असं त्यानं मुलाखतींतून सांगितलं आहे. त्याचं कोडंही समजण्यासारखं आहे. दोष आपला असेल, तर निदान उपाय आपल्या हातात येतो. दोष कुणाचाच नसेल, तर माणसानं धरायचं कशाला?

"बरोबर आहे की मग," वहिनी म्हणाल्या. "धरायला काहीतरी हवं."

या सगळ्या गलक्यात माझी धाकटी जाऊ सोफ्याच्या टोकाला बसून शेंगा सोलत होती. (चटणीसाठी मीच दिल्या होत्या.) ती मान वर न करता म्हणाली, "ताई, तेव्हा तुम्हीपण हेच म्हणाला होतात मला. बाईंसारखंच."

मैत्रिणींनो, हे लिहावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. पण सिनेमावर एवढं लिहायचं आणि हे गाळायचं, तर लिहूच नये.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. ही सारखी थकायची. सकाळी उठवत नाही म्हणायची. केस गळायचे, चेहरा सुजल्यासारखा दिसायचा, सगळे पंखा लावून बसलेले असताना ही शाल घेऊन बसायची. वजन वाढलं, तर आम्ही म्हणालो घरी बसून वाढलंय. चिडचिड वाढली, तर म्हणालो चाळिशी आली. घरच्या डॉक्टरांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या आणि दिरांना बाजूला घेऊन सांगितलं, थोडं मनावर घेतात त्या. दिवाळीत चकल्या तळताना ती मधेच खाली बसली, तेव्हा मी काय म्हणाले असेन? "जरा मन रमव गं. भजनाला येत जा माझ्याबरोबर." कढई मीच पुढं ओढली आणि मनातल्या मनात म्हटलं, कामाच्या वेळी बरी हिची तब्येत बिघडते.

दोन वर्षं अशी गेली. मग ती माहेरी गेली असताना तिच्या भावानं रक्त तपासून घेतलं. थायरॉइड जवळजवळ बंद पडलेला. रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटीशी गोळी सुरू झाली आणि तीन-चार महिन्यांत बाई पुन्हा माणसांत आली. त्यानंतर घरातला सगळ्यांचा सूर पालटला. दीर फाइल घेऊन सगळ्यांना आकडे दाखवायचे. मीही म्हणाले, अगोबाई, म्हणजे खरंच काहीतरी होतं!

हे 'खरंच' तिला त्यावेळी किती लागलं असेल, ते मला सात वर्षांनी, परदेशी सिनेमा बघून कळलं.

"मला कागद मिळाला म्हणून मी सुटले," जाऊ म्हणाली. "त्या बाईला कागदच मिळत नाही. ती काय दाखवणार नवऱ्याला?"

मला वाटतं, आमच्या आठ जणींत सिनेमा नीट पाहिला तो तिनं. आम्ही बाकीच्या तिच्या आजाराचं कारण शोधत होतो. धूर की रिकामपण, नवरा की सोफा? तिकडचे जाणते समीक्षकही तेच शोधत आले आहेत. कुणाला त्यात एड्स दिसतो, कुणाला प्रदूषण, कुणाला बाईची घुसमट. २०२० साली करोना आला, घरोघरी लोक मुसक्या बांधून दार लावून बसले, तेव्हा पुन्हा हा सिनेमा आठवला आणि त्यावर नव्यानं लिहून आलं. दिग्दर्शकानं कारण मुद्दामच सांगितलेलं नाही. जाऊचं म्हणणं एवढंच होतं की कारण सापडेपर्यंत त्या बाईनं काय करायचं? तेवढे दिवस तिचं दुखणं खरं धरायचं की नाही? तपासणीत काही निघालं, तर खरं; नाही निघालं, तर भजन. कॅरलला डॉक्टर म्हणतो काही नाही, नवरा म्हणतो रोज कसं दुखतं, गुरू म्हणतो तूच केलंस. आणि ती प्रत्येकाला 'सॉरी' म्हणत जाते. मी मोजलं नाही, पण माफी मागण्याचा तिचा आवाज माझ्या कानांत बसला आहे. अगदी पातळ, प्रश्नासारखा वर जाणारा. ज्युलियान मूरनं तो असा काही लावला आहे की ही बाई स्वतःच्या घरातसुद्धा पाहुणी वाटते.

एक प्रसंग मला अजून दिसतो. नवरा तिला त्या वाळवंटात भेटायला येतो. निघताना जवळ घेतो, आणि ती किंचित मागं सरते. तिला वाटतं, त्याच्या अत्तराचा वास आला. पण त्यानं अत्तर लावलेलंच नसतं! दोघंही तिथं उभे. तो चिडत नाही, ती रडत नाही. मला त्या क्षणी त्या माणसाचीही दया आली. घरी एकटाच जाणार, पोराला काहीतरी सांगणार. सोसणं एकट्या बाईचंच असतं असं नव्हे. बाईंना मात्र त्याची मुळीच दया आली नाही. त्या म्हणाल्या, त्यानं एकदा तरी तिथं मुक्काम करायला हवा होता.

असो. तुम्हांला हा सिनेमा बघा असा आग्रह मी करणार नाही. दोन तास लागतात, बायकांच्या भाषेत सांगायचं तर 'काही होत नाही', आणि सुरुवातीलाच नवरा-बायकोचा एक प्रसंग आहे, तेव्हा घरातली मुलं झोपल्यावर बघा. सासूबाई असतील, तर तुमचं तुम्ही ठरवा. बघणारच असाल, तर एकटीनं बघू नका. चार जणींत बघा आणि नंतरच्या चहाचं आधण आधीच ठेवा. आणखी एक म्हणजे, त्या चौघींत एखादी गेले कित्येक महिने 'थकल्यासारखं होतं' म्हणत असेल, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यायला तिच्याबरोबर जा. रिक्षात शेजारी बसा. तपासणीत काही निघालं नाही, तर परत येतानाही बसा.

त्या रात्री सगळ्या गेल्यावर जाऊ मागं राहिली. ताटल्या विसळल्या, शेंगदाण्यांचा डबा भरून ठेवला. मी म्हटलं, "माझं चुकलं गं तेव्हा." ती म्हणाली, "जाऊ दे ताई, तुम्ही चकल्या तरी तळल्यात माझ्या वाटणीच्या." आता यात क्षमा होती की टोमणा, हे मला अजून कळलेलं नाही. ती आमच्या घरातली आहे, त्यामुळं दोन्ही असेल.

दहाच्या सुमाराला फोन वाजला. बाई होत्या. मला वाटलं, डबा विसरल्या असतील.

"काय गं," त्या म्हणाल्या, "तो तिला न्यायला येतो का पुढं?"

"कोण?"

"तिचा नवरा गं. त्या वाळवंटातून."

"बाई, सिनेमा तिथंच संपतो."

"असं कसं संपतो?" बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.